टक्केटोणपे

आजारी पडायला अक्कल लागत नाही. जिन्यावरून पाय घसरला, डोळ्यात काचबिंदू उतरला, रक्तातच काही वाईट लिहून आलं, की झालं काम. सरकारदरबारी आजारी ठरणं मात्र फार वरची विद्या आहे. गल्लोगल्ली क्लास निघालेल्या आपल्या राज्यात तिचा क्लास अजून कुणी कसा काढला नाही, याचं मला नवल वाटतं. मामांच्या फायलीमागे चार वर्षं हिंडून मला ती थोडीफार अवगत झाली आहे. तुमच्यावर वेळ यायच्या आत वाचून ठेवा.

सगळ्यात आधी, आजार निवडून आणि तारीख बघून पडा. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते 21 केले आणि तो कायदा 19 एप्रिल 2017 ला लागू झाला. म्हणजे थॅलेसेमियाचा किंवा हिमोफिलियाचा रुग्ण 18 एप्रिलच्या रात्री कायद्याने धडधाकट झोपला आणि सकाळी दिव्यांग होऊन उठला. रक्त तेच होतं, राजपत्र बदललं. अपंगाचा दिव्यांग तर त्याच्याही आधी, डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून सुचवल्यावर झाला. नाव बदलायला वैद्यकीय मंडळासमोर बसावं लागत नाही, म्हणून ते काम झटपट उरकलं.

कर्मचारी राज्य विमा योजनेतले कामगार असाल तर कॅलेंडर हाताशी ठेवा. आजारपणाचा भत्ता पगाराच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस, आणि सुरुवातीचे दोन दिवस सहसा धरत नाहीत. तेव्हा दोन दिवसांचा ताप हा आजार नव्हे, ती तुमची हौस. मुक्काम लांबवायचा असेल तर 34 दीर्घ आजारांची वेगळी यादी आहे. त्यात क्षय आहे, कर्करोग आहे, तिथे 80 टक्के मिळतात आणि दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. ब्याण्णवाव्या दिवशी ज्यांना बरं वाटत नाही, त्यांनी अंथरूण धरण्यापूर्वी यादी बघायला हवी होती.

आता टक्क्यांकडे येऊ. माणूस दुखण्याने मरत नाही इतका टक्क्यांनी मरतो.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून एक परिशिष्ट चालत आलेलं आहे. त्यात कुठलं बोट गेल्याने कमाईची क्षमता किती बुडाली, ते भाजीच्या भावासारखं ओळीने दिलं आहे. अख्खा अंगठा 30. पहिलं बोट 14. मधलं 12. अनामिका किंवा करंगळी 7. बोट अख्खं न जाता हाड शाबूत ठेवून नुसतं टोक उडालं, तर पहिल्या बोटाचे 5 आणि करंगळीचे 2. तेव्हा प्रेसमशीनमध्ये हात जायचाच असेल तर शांत डोक्याने घाला. करंगळी पुढे करून स्वतःचं नुकसान करून घेऊ नका.

डोळ्यांचंही तसंच. त्याच यादीत, कामावर एक अख्खा डोळाच काढावा लागला आणि दुसरा चांगला राहिला, तर 40 टक्के धरतात. आमच्या मामांनी इथेच चूक केली. त्यांनी आपला उजवा डोळा काचबिंदूने, घरच्या घरी, कुणाचंही यंत्र चालू नसताना घालवला. दिव्यांगत्वाच्या तक्त्यात एका डोळ्याने पूर्ण आंधळ्या माणसाला मिळतात 30. हे दोन्ही हिशेब वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत, एक कमाईचा आणि एक शरीराचा, असं मला एका साहेबांनी समजावून सांगितलं. मामा शिंपी आहेत. त्यांचं शरीर आणि कमाई एकाच खुर्चीवर बसते, हे साहेबांना समजावणं मला जमलं नाही.

आणि 30 ने काही होत नाही. सगळी गंमत 40 ला सुरू होते. निराधारचा पगार, एसटीतली सवलत, जे काही आहे ते त्या उंबरठ्याच्या आत. मामांचा गुडघाही गेलेला होता, म्हणून आम्ही म्हटलं, दोन्ही दुखणी एकत्र दाखवू. ही आमच्या कुटुंबाने केलेली पहिली शहाणपणाची गोष्ट. पण इथे साधी बेरीज चालत नाही. मोठ्या आकड्याला अ म्हणायचं, लहानाला ब. 90 मधून अ वजा करायचा, उरेल त्याला ब ने गुणायचं, 90 ने भागायचं, येईल ते अ मध्ये मिळवायचं. गुडघ्याला 12 मिळाले. साध्या शाळेत 30 आणि 12 चे 42 झाले असते आणि मामा पास झाले असते. सूत्राने झाले 38.

गुडघ्याला बाराच का मिळाले, ही वेगळी कथा आहे आणि तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडेल ती हीच.

तपासणीच्या वारी आम्ही पहाटेच निघालो. केसपेपर काढला, रांग धरली. रांगेतले सगळे एकमेकांच्या पायांकडे चोरून बघत होते, परीक्षेच्या आधी शेजारच्याच्या वहीत डोकावतात तसे. दुपारी मामांचा नंबर लागला. डॉक्टर चांगले होते. दमलेले होते, पण चांगले होते. त्यांनी विचारलं, "जिना चढता येतो का?"

"चढतो की," मामा म्हणाले. "हळूहळू, पण चढतो."

मामीने मागून चिमटा काढला.

"मांडी घालून बसता?"

"जेवायला बसतोच. उठताना हिला जरा हात द्यायला लावतो, एवढंच."

"सुईत दोरा ओवता येतो?"

"ही देते ओवून. चाललंय बरं."

डॉक्टरांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर मामीचा बांध फुटला. "घरी रात्रभर कण्हता आणि आत जाऊन पैलवान झालात?" मामा चपलेत पाय सरकवत म्हणाले, "अगं, परक्या माणसासमोर कण्हायचं कसं?"

वाचकहो, हा रोग आपल्याकडे घराघरांत आहे आणि 21 प्रकारांत त्याचा समावेश नाही. "काय, कसं काय?" म्हटलं की आपल्या तोंडातून "बरंय" असं आपोआप निघतं. एकेका "बरंय"ला चार-पाच टक्के जातात. किमान सहा महिने आधीपासून सराव करा. दूधवाल्याने विचारलं तरी "नाही जमत हो" म्हणा. पाहुण्यांसमोर कण्हा. लाज पहिले आठ दिवस वाटते.

मात्र अतिरेकही नको. नवीकोरी कुबडी घेऊन गेलात तर ती भाड्याची वाटते. फार विव्हळलात तर नाटकी. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलात तर "तसे तब्येतीने बरे दिसता". दाढी वाढवून गेलात तर मुद्दाम वाढवलेली. मानसिक आजार असेल तर कागदपत्रांबाबत विशेष जपा. फाइल तारखेवार, नीट टाचण्या लावून नेलीत तर ती फाइलच तुमच्या आजाराविरुद्धचा पुरावा ठरते. विस्कटलेली नेलीत तर त्रुटी निघते आणि परत पाठवतात.

कागदांवर फार शब्द खर्च करत नाही, सगळ्यांना तो छंद आहेच. एवढंच सांगतो की 1 जून 2021 पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देणं ऑनलाइनच झालं आहे, त्यामुळे आता घरबसल्या अर्ज करता येतो. त्यासाठी फक्त केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. आधार अद्ययावत करताना तिथल्या मुलाने यंत्र मामांच्या तोंडासमोर धरलं आणि म्हणाला, "काका, दोन्ही डोळे नीट उघडा. उजवा येत नाहीये." मामा म्हणाले, "तेच तर सांगायला आलोय."

त्याच केंद्रात एक आजी बसल्या होत्या. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, दोन्ही हातांची बोटं झिजून गेलेली. त्या हयातीचा दाखला द्यायला आल्या होत्या. योजनेचा लाभार्थी जिवंत आहे हे त्याने दरवर्षी स्वतः येऊन सांगायचं असतं. मुलाने काचेवर फडकं फिरवलं, आजींचा हात फडक्याने पुसला, पुन्हा ठेवला. यंत्र लाल झालं. पुन्हा पुसला, पुन्हा लाल. रांगेतल्या एकाने सुचवलं, थोडं तेल लावा. आजी शांतपणे हात पुढे करत राहिल्या, जणू बांगड्या भरायला बसल्या आहेत. मुलाला शेवटी कुणीतरी सांगितलं की अशांसाठी वेगळी सोय असते. ती सोय कुठे असते ते विचारायला तो आत गेला.

पैशांचं म्हणाल तर घाबरू नका, फार नसतात. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिन्याला 2,500 मिळतात, पूर्वी 1,500 होते. लोक त्याला पगार म्हणतात, कारण तो मिळवायला नोकरीएवढे कष्ट पडतात. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये. भागून बघा, दिवसाला 137 रुपये, अख्ख्या घराचे. तेव्हा प्रमाणपत्राच्या खेपा चालत करा, रिक्षातून उतरताना दिसलात तर सधन वाटाल. केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजनाही आहे. तिच्यासाठी दिव्यांगत्व 80 टक्के हवं, घर दारिद्र्यरेषेखाली हवं, आणि केंद्राचा वाटा येतो महिन्याला 300 रुपये. 80 टक्के शरीर आणि सगळी मिळकत गमावल्यावर दिवसाला दहा रुपये. सवलतीत इतका काटेकोर हिशेब मी सोनारापाशीही पाहिलेला नाही.

तर मामांचे झाले 38. त्यांना दिव्यांगत्वाचं कार्ड मिळालं, पांढरं. 2024 च्या दुरुस्तीपासून कार्डांना रंग आले आहेत: 40 च्या खाली पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि वर निळं. मामी रेशनच्या रांगेत आयुष्य काढलेली बाई. तिने कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि एका वाक्यात निकाल दिला, "पांढरं म्हणजे काही मिळत नसतं." पिवळं मिळालं असतं तर बरं झालं असतं, हेही तिला कुणी सांगावं लागलं नाही.

आता अपील. 2016 च्या कायद्याच्या कलम 59 ने तुम्हाला अपिलाचा हक्क दिला आहे. तो जरूर बजावा, पण सुरात बजावा. "माझ्यावर अन्याय झाला आहे" असं लिहू नका, त्याने कारकून दुखावतो आणि त्याच्या दुखण्याला कुठलेही टक्के नसले तरी ते फार दिवस टिकतं. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर" अशी सुरुवात करा आणि गुडघा शेवटच्या परिच्छेदात आणा. आम्ही अर्ज दिला तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी तो वाचून विचारलं, "म्हणजे टक्के वाढवून पाहिजेत? रीचेकिंग?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "रीचेकिंगमध्ये कमीपण होतात, सांगून ठेवतो." भिंतीवर लोकसेवा हक्क कायद्याचा फलक होता, "आपली सेवा आमचे कर्तव्य". त्याच्या खाली एक खुर्ची होती. खुर्चीवर गठ्ठे होते.

मुदतींची काळजी करू नका, त्या दोन्ही बाजूंना आहेत. प्रमाणपत्र द्यायची मुदत आधी एक महिना होती, 2024 मध्ये ती तीन महिने झाली. आणि दोन वर्षांहून अधिक काळ निर्णयच झाला नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो आणि अर्जदाराने पुन्हा हालचाल करायची. दोन वर्षं स्वस्थ कोण बसलं होतं आणि निष्क्रिय कोण ठरलं, यावर जास्त विचार करू नका. रक्तदाब वाढतो आणि रक्तदाब यादीत नाही.

आमच्या अपिलाचा निकाल लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघा पाहिला. मामांनी या खेपेला कण्हायचं असं घरून ठरवून नेलं होतं. आत गेले, डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, निघालं डॉक्टरांच्या सासुरवाडीचं. मग काय, मामा तरातरा उठून नमस्कार करायला वाकले. गुडघ्याला मिळाले 10. सूत्रात घातले तर 36.67, म्हणजे 37. अपिलात एक टक्का गेला.

निघताना डॉक्टरांनी आपुलकीने सांगितलं, "अजून थोडं वाढू द्या, मग या."

तेच करतो आहोत. मामा रोज सकाळ-संध्याकाळ तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जिना चढतात आणि उतरतात. गुडघा पंधरावर न्यायचा आहे. 30 आणि 15 सूत्रात घातले की बरोबर 40 येतात, मी तीनदा करून पाहिलंय. मामी खालच्या पायरीवर बसून फेऱ्या मोजते. परवा समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाने कौतुकाने विचारलं, "काय काका, व्यायाम का? तब्येत कशी आहे?"

दुसऱ्या मजल्यावरून, कठड्याला धरून, धापा टाकत मामा ओरडले, "बरंय!"

मामीने तोंडाला पदर लावला आणि फेरी पुन्हा एकपासून मोजायला घेतली.