ज्ञानेश्वरी 'बाजारातल्या बोलीत' लिहिलेली नाही

आषाढी जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ज्ञानेश्वरांच्या आधी मराठीत कुणी लिहीतच नव्हतं, त्यांनी संस्कृत झुगारलं आणि गीता बाजारातल्या साध्यासुध्या बोलीत सांगितली, म्हणून ती अडाणी माणसालाही कळली. पाठवणाऱ्यांच्या मनात माउलींबद्दल प्रेमच असतं. पण या मजकुराने ज्ञानदेवांमधला कवी पुसून टाकला जातो, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

'आधी कुणी लिहीत नव्हतं' हे लगेच निकालात निघतं. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इ.स. 1290 ची. अलिबागजवळच्या अक्षीचा मराठी शिलालेख 1012 चा मानतात. म्हाइंभटांचं लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, ज्ञानेश्वरीच्या काही वर्षं आधीचं, आणि तेही गद्यात.

'संस्कृत झुगारलं' हेही खरं नाही. सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या लिहिणारा माणूस मूळ ग्रंथाला पाठ दाखवत नसतो. व्यासांचा मागोवा घेत, भाष्यकारांना वाट पुसत मी निघालो, असं ते अठराव्या अध्यायात स्वतःच सांगतात. त्यांची तक्रार वेगळीच आहे. वेद संपन्न आहे, पण त्याच्यासारखा कृपणही दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला, असं ते म्हणतात. बोट आहे ते बंद दारावर. संस्कृत भाषेशी त्यांचं वैर नव्हतं.

आता 'साधी बोली'. ग्रंथाचं पहिलं पानच उघडा. तिथे गणेशाला नमन आहे, पण तो गणेश घडलाय वाङ्मयातून. स्मृती हे त्याचे अवयव, अठरा पुराणं हे त्याचे अलंकार, नेटकी पदरचना हे त्याचं रंगीत वस्त्र. आणि कमरेच्या घागऱ्या?

देखा काव्य नाटका । जे निर्धारितां सकौतुका ।
त्याचि रुणझुणती क्षुद्रघंटिका । अर्थध्वनि ॥

काव्य-नाटकं म्हणजे देवाच्या कमरेला रुणझुणणाऱ्या घंटिका, आणि त्यांतून उमटणारा नाद म्हणजे अर्थ! ही बाजारातली बोली नव्हे. जो कवी देवाची मूर्तीच साहित्याची घडवतो, त्याला आपण साहित्य रचतोय याचं पुरेपूर भान आहे. 'अमृतातेंही पैजासीं जिंके' ही ओवी सगळ्यांना पाठ असते, पण तिथे थांबू नका, पुढे वाचा. या शब्दांच्या कोवळिकीपुढे नादाचे रंग थोडे वाटतील, सुगंधाचा तोरा मोडेल, रसाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांची आपसांत भांडणं लागतील. सहाव्या अध्यायात, योगाचं अवघड निरूपण सुरू होण्याआधी, त्यांनी श्रोत्यांना दिलेलं हे वचन आहे. अवघड विषय सोपा करून सांगतो, असं ते म्हणत नाहीत. तो रसाळ करून सांगतो, असं म्हणतात.

बोलीच्या जवळचं गद्य हवं असेल तर लीळाचरित्र वाचा. छोटी वाक्यं, माणसांचे संवाद, जेवणखाण, वाटचाल. तेही थोरच आहे, पण त्याची घडण निराळी आहे.

एवढं मात्र मान्य : ओवी लोकांचीच होती. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात आहे. ज्ञानदेवांनी हे घरातलं गाणं घेतलं, पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड या आटोपशीर मापात बसवलं आणि त्यात तत्त्वज्ञान पेललं. म्हणून ग्रंथ लोकांपर्यंत पोचला : कानांतून, कीर्तनातून, पारायणातून. शाळा न पाहिलेल्या माणसाला उंची भाषा झेपत नाही हे गृहीतकच मला खटकतं. वारीतली कितीतरी माणसं अक्षरओळख नसताना ओव्याच्या ओव्या म्हणत आली आहेत.

गोव्यातलं उदाहरण तर फार बोलकं आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट या ख्रिस्ती संघाचे इंग्रज धर्मगुरू गोव्यातल्या सासष्टीत राहिले. तिथल्या लोकांच्या तोंडी होती कोंकणी, आणि ती त्यांना उत्तम येत होती. तिचं व्याकरण त्यांनी लिहिलं, प्रश्नोत्तरांचं धर्मशिक्षणाचं पुस्तकही कोंकणीतच केलं. पण 1616 मध्ये राचोलला छापलेलं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं काव्य, त्यांनी रचलं ते ग्रांथिक मराठीत, ओवीत. लोकांची बोली हाताशी असूनही पुराणासाठी त्यांनी संतकवींनी घडवलेली भाषा निवडली.