चौथी तार कोण दाबतं?

रामबागकरकाका, नमस्कार. (पासष्टी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका.)

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, रंगणाऱ्या आम्हा बेस गिटारवाल्यांच्या (खालचे, जाड स्वर वाजवणाऱ्यांच्या) गप्पांवर मी लिहिलं आणि तुम्ही चांगलंच झापलंत. बाकीच्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल तर थोडक्यात सांगतो. पाच रिकामटेकडे लोक गराडू (तळलेला कंद) खात रात्री एकपर्यंत 'तारा उकळाव्यात की नाही' यावर भांडतात, तेवढ्या वेळात रियाज झाला असता. मोबाइलवर बेस ऐकूच येत नाही हे माझं विधान खोटं, कारण तुम्हाला येतो. कॉलेजच्या पोराची आम्ही टिंगल केली. आणि ख्यालगायक उस्ताद अमीर खांसाहेबांच्या इंदूरात बेसच्या या 'घुमघुमी'चं कौतुक कशाला?

मोबाइलपासून सुरू करतो, कारण तिथे मी सपशेल चुकलो. बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे चौथी, मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते. मोबाइलचा चिमुकला स्पीकर एवढा खाली उतरत नाही, इथवर मी बरोबर होतो. पण तार नुसती ४१ची नसते, तिच्यात ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरही असतात. स्पीकर त्यातले वरवरचे तेवढे ऐकवतो आणि त्यांच्यातलं अंतर ओळखून खालचा गाळलेला स्वर मेंदू स्वतःच भरून काढतो. म्हणजे स्पीकरने जो वाजवलाच नाही, तो स्वर तुम्ही ऐकलात. तुमच्या कानाला दाद, माझ्या वाक्यावर काट. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पोराचंही तुमचं खरं. बेसला तारा चार, साध्या गिटारला सहा; म्हणून 'बाकीच्या दोन तारा कधी शिकणार' हा विनोद आम्ही प्रत्येकाने लग्नाच्या ऑर्केस्ट्रात शंभरदा ऐकलाय, आणि तोच आम्ही त्याच्यावर फिरवला. त्याला फोन केला, वाक्य काढू का विचारलं. म्हणाला, "राहू दे भिया, पण त्या दिवशीचे गराडूचे पैसे मीच दिले होते, ते पण लिहा." लिहिलं.

आता रिकामटेकडेपणा. इथे मात्र मी माघार घेणार नाही.

काका, एका ऑर्केस्ट्रात गिटारवाले दोन असतात, कीबोर्डवाले दोन असतात, गाणारे तर मोजायलाच नकोत. बेसवाला एकच. म्हणजे मी वाजवतो त्या रात्री दुसरा बेसवाला एकतर घरी असतो, नाहीतर दुसऱ्या मांडवात. अकरा वर्षं गणपतीत वाजवूनही दुसऱ्या कुणाचा हात मी हातभर अंतरावरून पाहिला नव्हता. माझा अ‍ॅम्प तेव्हा सारखा गुरगुरायचा. दोनदा उघडून घेतला, वायर बदलली, मांडवातल्या लायटिंगवाल्याशी भांडलो. सराफ्यात एकदा हे रडगाणं गात होतो. आमच्यातले एक ज्येष्ठ, दिवसा बँकेत आणि रात्री लग्नात, गराडूवर जीरावन मसाला भुरभुरवता भुरभुरवता म्हणाले, "चौथी तार कोण दाबतं तुझी?" कोणीच दाबत नव्हतं. मी वरच्या स्वरांच्या बारीक तारा वाजवायचो आणि खालच्या स्वराची ती जाड तार मोकळीच, आपली सोबतीने घुमत राहायची. त्यांनी टेबलाच्या कडेवर दाखवलं: जाड तारा वाजवताना अंगठा पिकअपवर (तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीवर), बारीक तारांवर गेलं की तोच अंगठा सरकून चौथ्या तारेवर टेकवायचा, आणि डाव्या हाताची रिकामी बोटं बाकीच्या तारांवर अलगद पडू द्यायची. अकरा वर्षांची गुरगुर तीन दिवसांत गेली. बेस वाजवणं म्हणजे अर्धं काम नको त्या तारा गप्प ठेवण्याचं आहे, हे मला कोणत्याही रियाजाने सांगितलं नसतं. घरी बसून मी तीच चूक आणखी सफाईने केली असती.

तारा उकळण्याचंही तसंच. बेसच्या तारांचा सेट साध्या गिटारच्या सेटपेक्षा कैक पट महाग. वाजवून वाजवून वेटोळ्यांत घाम आणि मळ बसतो, तार बोदी वाजू लागते. दहा मिनिटं उकळली की मळ सुटतो आणि चार दिवस तरी झळाळी परत येते. (आमच्या घरी दुधाचं पातेलं वापरलं गेलं होतं. त्याविषयी आई अजून बोलते.) उलट बाजूचे म्हणतात, झळाळी हवी कुणाला? डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी जेम्स जेमरसन यांनी १९६०च्या दशकात जे काही वाजवलं, ते जुनाट तारांवर आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने. तार तुटल्याशिवाय ते बदलत नसत. मी जुनाट तारांच्या बाजूचा आहे, पण पातेलं प्रकरणानंतर माझ्या मताला घरात वजन नाही.

राहिले खांसाहेब. काका, हा मुद्दा तुम्ही माझ्याविरुद्ध कसा काढलात? सारंगियाचा मुलगा, झूमरा तालाच्या चौदा मात्रा इतक्या संथ की पुढची मात्रा येते की नाही अशी धाकधूक, आणि मंद्रात (खालच्या सप्तकात) उतरले की घाईने वर येणं नाहीच. खालचा स्वर नीट लागल्याशिवाय वरचं काही उभं राहत नाही, हे ज्या गावाने त्यांच्याकडून ऐकलं, तिथेच 'घुमघुम' ही शिवी व्हावी?

तुम्ही ओघात लिहिलंत की वडिलांचा तानपुरा घरात आहे. तो काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) लागत असेल तर त्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झ (सेकंदाला ६९ कंपनं). माझ्या बेसवर तो अगदी हाताशी आहे: तिसरी तार, चौथा पडदा. जोडीला पितळेची तार आणि जवारी (घोडीवरचा, तार झणझणवणारा घासीव पृष्ठभाग) असल्यामुळे तुमचा खर्ज झगमगतो, माझा मुकाट बसतो, एवढाच फरक. सराफ्यात अ‍ॅम्प लावता येत नाही आणि तानपुरा तर त्या गर्दीत आणूच नका. लोकमान्यनगरात माझ्याकडे या, किंवा रामबागेत मीच येतो. फक्त तानपुरा कशात लावता ते आधी कळवा. काळी एक नसेल तर मला पडदा मोजून यावं लागेल.