बर्डी-इतवारीला श्रद्धांजली वाहणाऱ्यांस उत्तर

नागपूरच्या व्हॉट्सॲप समूहांमधून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरील गर्दीचे छायाचित्र, त्यावर ‘जुन्या बाजारांना श्रद्धांजली’ असा मथळा आणि खाली पाच ठाम विधाने, असा त्याचा थाट आहे. मॉल आणि ऑनलाइन खरेदीने बर्डी, इतवारी, महाल हे बाजार संपवले आहेत, हे पहिले. रस्त्यावर उत्सव-कार्यक्रम भरवून काही साधत नाही, येते ती फुकटी गर्दी आणि मागे उरतो तो कचरा, हे दुसरे. वाहनतळ बांधले तरच गिऱ्हाईक परतेल, हे तिसरे. फेरीवाले हटवल्याशिवाय काहीही होणार नाही, हे चौथे. आणि दुकानदार एकमेकांचे पाय ओढणारे असल्यामुळे ते कधीच एकत्र येणार नाहीत, जे करायचे ते महापालिकेनेच करावे, हे पाचवे. माझ्या वडिलांचे इतवारीत भांड्यांचे दुकान होते आणि माझे बालपण त्या दुकानाच्या ओट्यावर गेले. त्यामुळे हा संदेश तिसऱ्यांदा आला तेव्हा तो नुसता पुसून टाकणे मला जमले नाही.

पहिल्या विधानात अर्धे सत्य आहे. मोबाइल, विजेची उपकरणे, ठरावीक मापाचे तयार कपडे यांचा बराच धंदा जुन्या बाजारातून गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु लग्नाचा बस्ता बांधायला भंडारा, गोंदिया, वर्धा आणि राज्याच्या सीमेपलीकडील छिंदवाडा-बालाघाटकडची कुटुंबे आजही इतवारी-गांधीबागेत येतात, कारण साड्या, सोने, पितळेची भांडी आणि रुखवताचे सामान ही सगळी खरेदी तिथे पायी फिरून एका दिवसात उरकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मॉल कशाच्या बळावर चालतो, हे संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेलेच नाही. मॉलमधील गाळेधारक भाड्याखेरीज देखभालीचा सामायिक आकार भरतात आणि त्यातून झाडलोट, दिवे, पहारा व स्वच्छतागृहे चालतात. नाताळचे झाड, मुलांच्या चित्रकला स्पर्धा, शनिवार संध्याकाळचे गाणे हा मॉलचा वर्षभराचा कार्यक्रमही असाच एका हाताने आखला जातो आणि तो कोणी हौस म्हणून करत नाही. कार्यक्रमांनी धंदा वाढत नसता, तर पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या या मंडळींनी त्यावर रुपयाही घातला नसता. तेव्हा मॉलने बाजार मारला हे पहिले विधान खरे धरले, की कार्यक्रम निरुपयोगी असतात हे दुसरे विधान आपोआप लंगडे पडते.

त्या दुसऱ्या विधानाचा समाचार मात्र सविस्तर घ्यायला हवा. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही नागपुरातल्या वस्त्यांची नावे आपण इतकी सहज उच्चारतो, की त्यांचा अर्थ कानावरून निघून जातो. ही नावे आठवड्याच्या वारांची आहेत. ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी विकणारे आणि घेणारे जमायचे आणि त्या जमण्याभोवती पुढे पक्की दुकाने उभी राहिली. या शहरात बाजार आधी आणि कार्यक्रम नंतर असा क्रम कधीच नव्हता. ठरल्या दिवसाचा मेळा हाच बाजाराचा पाया होता. त्याला उपरा ठरवणे म्हणजे घराच्या जोत्याला घरात घुसखोर म्हणण्यासारखे आहे.

संदेशात दाखला दिला आहे तो मारबतीच्या मिरवणुकीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, निघतात, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे असतात, ‘घेऊन जा गे मारबत’ या आरोळ्यांनी महाल-इतवारीचे रस्ते दुमदुमतात आणि त्या वाटेवरची दुकाने बंद राहतात, त्यामुळे उत्सव म्हणजे धंद्याचे नुकसान, असा तो युक्तिवाद आहे. दुकाने बंद राहतात हे खरे आहे. आमचे शटरही त्या दिवशी अर्धे खाली असायचे आणि आम्ही मुले त्याखालून वाकून बडगे पाहायचो. पण संदेशाने गल्ला मोजला तो चुकीच्या दिवशी. त्याआधीच्या आठवड्यात आमच्या ओट्याच्या कडेला एक सुतार लाकडी नंदी मांडून बसत असे. बोटाएवढ्या नंदीपासून गुडघ्याएवढ्या नंदीपर्यंत सगळे असत आणि प्रत्येकाला चार चाके. मूल नंदी उचलून आधी चाक फिरवून पाही. चाक अडले की सुतार तो नंदी हातात घेऊन ओट्याच्या उतारावरून सोडून दाखवी आणि तो खडखडत खाली जाऊन पायरीवर आपटला, की सौदा पक्का. हे सगळे चालू असताना आई रिकामी उभी असे. तिचे लक्ष आमच्या फळीवरच्या निरांजनांकडे, ताटल्यांकडे जाई, कारण तान्ह्या पोळ्याला मूल नंदी घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघणार आणि आपल्याही दारी चार मुले येणार, हे तिला ठाऊक असे. सुताराकडून वडिलांनी जागेचे भाडे कधी घेतले नाही. लहानपणी मला तो त्यांचा भोळेपणा वाटे. तो हिशेब होता, हे उशिरा कळले.

यावरून सगळेच कार्यक्रम बाजाराच्या कामाचे असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात भरणारा हस्तकला मेळा उत्तमच असतो, पण तिथे आलेला माणूस आवारातच खरेदी करतो, तिथेच खातो आणि घरी जातो. बर्डीच्या दुकानदाराला त्यातून काही मिळत नाही आणि मेळ्याचा तसा हेतूही नाही. कुंपणाच्या आत होणाऱ्या कार्यक्रमाने भोवतालचा बाजार वाढत नसतो. उलट धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात लागणारी पुस्तकांची दुकाने पाहावीत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराच्या स्मरणार्थ दरवर्षी लाखो लोक येतात आणि परतणाऱ्यांच्या पिशवीत पुस्तके असतात. त्या गर्दीला फुकटी म्हणण्याचे धाडस कोणी पुस्तकविक्रेता करणार नाही. येणाऱ्याला काय हवे आहे आणि रस्त्यावर काय मांडले आहे, यांचा मेळ बसला की गर्दीचे गिऱ्हाईक होते. तो बसला नाही, तर डीजे लावून काही उपयोग नाही. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि सवलतीचे दिवस वर्षाला फार तर १५. तेव्हा ढणाढणा वाजणाऱ्या महोत्सवावर बाजाराची भिस्त ठेवण्यात तसाही राम नाही. बाजाराला उपयोगी पडतो तो लहान, वारंवार होणारा आणि दुकानाच्या दारातच घडणारा कार्यक्रम: गणपतीच्या आधी चितार ओळीत मूर्तिकारांचे काम पाहण्याची एक संध्याकाळ किंवा महिन्यातला एक शनिवार जेव्हा एका ओळीतली सगळी दुकाने एकाच वेळेपर्यंत उघडी राहतात.

वाहनतळाचा मुद्दा ऐकायला व्यवहारी वाटतो, पण आपले गिऱ्हाईक येते कसे, याबद्दल दुकानदारांचाच अंदाज चुकतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००६ साली दुकानदारांना आणि खरेदीदारांना वेगवेगळे विचारले गेले, तेव्हा ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येते असा दुकानदारांचा समज होता. प्रत्यक्षात ते २२ टक्के निघाले. ब्रिस्टलचे आकडे नागपूरला लावता येत नाहीत, हे उघड आहे. पण आपल्याकडे तर मोटारीपेक्षा दुचाकी, ऑटो आणि पायी येणारेच डोळ्यांना जास्त दिसतात, आणि आता त्यांत मेट्रोची भर पडली आहे. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी गाडी सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पूर्वेकडचा प्रजापती नगरपर्यंतचा मार्ग खुला झाल्यावर अग्रसेन चौक, चितार ओळी चौक ही स्थानके जुन्या बाजारांच्या अगदी उंबरठ्यावर आली. स्थानकाच्या जिन्यापासून दुकानापर्यंत सलग पदपथ नाही, ही खरी अडचण आहे. घाऊक मालाच्या टेम्पोंना चढ-उतारासाठी सकाळची ठरावीक वेळ हवी, हेही मान्य. त्यासाठी बहुमजली वाहनतळ लागत नाही. दुकानदारांनी आपसात वेळापत्रक ठरवावे लागते.

फेरीवाल्यांविषयी थोडक्यात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांचे सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि विक्रीच्या जागा ठरवण्याची पद्धत घालून दिली आहे आणि नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असावेत, असे बंधन आहे. ‘हटवा’ हा शब्द त्या चौकटीत बसत नाही. बसतो तो ‘जागा आणि वेळ ठरवा’ हा व्यवहार. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकाने चालतात आणि रात्री त्यांची शटरे पडली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. एकच रस्ता दोन धंद्यांना पुरतो आणि बाजाराचे नाव देशभर होते. बर्डीत पायी चालायला जागा उरत नाही, ही तक्रार खोटी नाही. पण त्या जागेतला एक हिस्सा दुकानाबाहेर काढून ठेवलेल्या पुतळ्यांनी आणि पाट्यांनीही व्यापलेला असतो, हे संदेशात कुठे आले नाही.

आता शेवटचे विधान, जे मला सर्वांत गंभीर वाटते, कारण त्यात अनुभवाचा कडवटपणा आहे आणि तो मी घरात पाहिला आहे. एका दिवाळीला आमच्या ओळीतल्या दुकानदारांनी मिळून रोषणाई करायचे ठरवले. निम्म्यांनी पैसे दिले, निम्म्यांनी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटले. दिवे लागले ते सगळ्या ओळीवर, कारण दिव्याला पावती पाहून उजेड पाडता येत नाही. पुढच्या वर्षी पैसे देणाऱ्यांनीही हात आखडता घेतला आणि ओळ अंधारात राहिली. संदेश यालाच ‘स्वभाव’ म्हणतो. हा स्वभाव नव्हे. फायदा सर्वांचा आणि खर्च काहींचा असा व्यवहार जिथे असेल तिथे हेच घडते. कॅनडातील टोरोंटो शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज नावाच्या बाजारपेठेत नेमके हेच घडत होते. १९६० च्या दशकात तिथे रस्त्यावरची ट्राम जाऊन भुयारी रेल्वे आली, गिऱ्हाईक जमिनीखालून परस्पर निघून जाऊ लागले, जवळ मॉल उभे राहिले आणि स्वेच्छेने वर्गणी देणारे थोडेच उरले. तेव्हा दुकानदारांनीच मागणी करून कायदा करून घेतला आणि १९७० मध्ये त्या हद्दीतील प्रत्येक व्यवसायाकडून सक्तीचा आकार वसूल होऊ लागला. तो नगरपालिकेने गोळा करायचा आणि दुकानदारांच्या मंडळाने दिवे, झाडे, सणांचे कार्यक्रम यांवर खर्च करायचा. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने हीच रीत स्वीकारताना एक चांगली मेख मारून ठेवली: आकार लावण्याआधी व्यावसायिकांचे मतदान, त्यात मतांचे आणि मालमत्तेच्या करमूल्याचे असे दुहेरी बहुमत आणि मुदत फार तर पाच वर्षे. काम दिसले नाही, तर पुढच्या मतदानात मंडळ घरी जाते. या पद्धतीवर टीकाही झाली आहे. भाडी वाढतात, खासगी पहारेकरी गरिबांना हुसकावतात, असे आक्षेप आहेत आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत.

आपल्याकडे दुकानदारांच्या संघटनेला असा सक्तीचा आकार लावता येत नाही. पण ‘एकत्र येतच नाहीत’ हे विधान गणेशोत्सवातील कोणत्याही मंडळाच्या पावतीपुस्तकापुढे टिकत नाही. ज्या दुकानदाराने रोषणाईला पैसे दिले नाहीत, तोच मंडळाची वर्गणी न कुरकुरता देतो, कारण तिथे दाता आणि रक्कम फलकावर लागते, काम ठरलेल्या दहा दिवसांत डोळ्यांसमोर होते आणि मागायला येणारा ओळखीचा असतो. बाजाराच्या कामालाही हेच तिन्ही गुण देता येतील: अख्ख्या इतवारीऐवजी एक ओळ धरावी, हिशेब चौकात लावावा आणि काम महिनाभरात दिसणारे असावे. महापालिकेकडे दिवे, गटार आणि झाडलोट मागण्याचा हक्क त्याने कमी होत नाही. पन्नास सह्यांचे पत्र एका सहीच्या पत्रापेक्षा लवकर वाचले जाते, हा तर उघड अनुभव आहे.

संदेशात मोटारींच्या वाहनतळाचा उल्लेख चार वेळा आहे आणि स्वच्छतागृहाचा एकदाही नाही. बस्ता बांधायला सकाळच्या गाडीने आलेली बाई दुपारपर्यंत तीन दुकानांत बसते, चहा नको म्हणते, पाणी नको म्हणते आणि उरलेली खरेदी सोडून परतीची घाई करते. दुकानदार समजतो, तिला भाव पटला नाही. आमच्या दुकानामागच्या अंगणात एक मोरी आणि संडास होता. त्याची किल्ली वडील गल्ल्याशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवत आणि शेजारच्या साडीवाल्याचे गिऱ्हाईकही ती मागायला येई. त्या बदल्यात साडीवाला त्याच्याकडून निघालेल्या प्रत्येक लग्नघराला भांड्यांसाठी आमच्याकडे पाठवी.