१०८ नगांची पेटी आणि कुकरचं हँडल

वास्तुशांतीला हल्ली घड्याळ आणि गणपतीच्या फ्रेमच्या जोडीला टूलकिट यायला लागलंय. काळी प्लॅस्टिकची पेटी, आत प्रत्येक वस्तूच्या मापाची खाच आणि झाकणावर ‘१०८ नग’ असं ठसठशीत छापलेलं. दसरा-दिवाळीच्या सेलमध्येही तीच आधी डोळ्यांसमोर नाचते. भाच्याने परवा तिची लिंक पाठवून विचारलं, "मावशी, नवीन फ्लॅटसाठी घेऊन टाकू का?" मी नको म्हटलं. पण नको का, ते फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून हा प्रपंच.

असल्या पेटीतले नग एकदा निरखून बघा. निम्मे म्हणजे स्क्रूड्रायव्हरला लावायचे पेराएवढे बिट, मग नटावर बसवायच्या सॉकेटची ओळ, आणि बरेचदा खिळे, स्क्रू, रावळ प्लगसुद्धा मोजणीत धरलेले. हातोडी बेताची, पक्कड नावाला. जी तीन-चार हत्यारं सतत लागणार तीच सगळ्यात तकलादू, आणि ज्यांना जन्मात हात लागणार नाही त्यांची मात्र रांग. सॉकेटचा संच गॅरेजवाल्याच्या कामाचा. फ्लॅटमध्ये तो कुठे चालवणार?

हत्यारं निवडायची माझी कसोटी साधी आहे. कोणत्या कामाला माणूस येत नाही, ते आधी बघायचं. गिझर बिघडला तर इलेक्ट्रिशियन येतो, बाथरूमची लाइन बदलायची तर प्लंबर येतो. पण कुकरचं हँडल ढिलं झालंय, कपाटाचं दार बिजागरीतून लोंबतंय, बाथरूमची कडी बसत नाही, सिंकखालच्या अँगल कॉकमधून, म्हणजे नळाचं पाणी बंद करायच्या छोट्या चावीतून, थेंब थेंब पाणी येतंय, यासाठी कोण येणार? "येतो ताई संध्याकाळी" म्हणतात आणि ती संध्याकाळ काही उगवत नाही. मी त्यांना दोष देत नाही. तासभर जाण्यायेण्यात घालवून पाच मिनिटांच्या कामाचे किती पैसे मागायचे, हा त्यांच्यापुढेही पेचच असतो. तेव्हा ती कामं आपली. घरातली पेटी तेवढ्यापुरती असावी.

माझे वडील नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत फिटर होते. आमच्याकडे खंडेनवमीला पुस्तकांच्या आधी नट फिरवायचे पाने आणि कानशी पाटावर यायच्या, रॉकेलने पुसून, तेलाचा हात फिरवून, हळदकुंकू आणि झेंडू वाहून. एरवी त्यांचा मुक्काम स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या खालच्या खणात असे. माळ्यावर नाही. एका स्क्रूसाठी स्टूल लावून माळ्यावर कोणी चढत नाही, म्हणून माळ्यावरची पेटी असून नसल्यासारखी. खालच्या खणात असल्यामुळे ती हत्यारं आईचीही होती. वडिलांची रात्रपाळी असली की नळाचा वॉशर आईच बदलायची आणि त्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. मला अजूनही दुकानात "साहेबांना पाठवा ना" ऐकावं लागतं, ते सोडा.

तर पहिला मान स्क्रूड्रायव्हरचा. एक स्टार, म्हणजे फुलीच्या टोकाचा, आणि एक चपट्या पात्याचा, दोन पुरतात. दांडी उलटसुलट बसणारा टू-इन-वन घेतला तरी चालेल. स्टार घेताना २ नंबरचा घ्या, घरातल्या बऱ्याचशा स्क्रूंना तेच माप बसतं. लहान टोकाचा घातला की तो फुलीत गरगरतो आणि फुलीचे कोपरे खातो. एकदा डोकं गुळगुळीत झालं की मग खरंच माणूस बोलवावा लागतो. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाची ही फुली १९३० च्या दशकात मोटारींच्या कारखान्यांत आली. मशीनने स्क्रू पिळताना टोक आपोआप मधोमध बसतं, हा तिचा गुण. जोर वाढला की टोक बाहेर उसळतं, हा अवगुण. म्हणून फुलीचा स्क्रू पिळताना मागून तळहाताने तेवढाच दाबही द्यायचा. कुकरचं हँडल आवळताना करून बघा, फरक हाताला कळतो. (आवळूनही दर चार दिवसांनी ढिलं होत असेल तर हँडललाच तडा गेलाय का ते बघा. नवं हँडल भांड्यांच्या दुकानात मिळतं.)

दुसरा टेस्टर. आपल्याकडे टेस्टरचाच स्क्रूड्रायव्हर करतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. टोक पिळवटलेलं, वरची प्लॅस्टिकची नळी तडकलेली, असा टेस्टर घरोघरी सापडेल. त्याच्या पोटात एक मोठा रेझिस्टर आणि निऑनचा इवलासा दिवा असतो. टोक फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला, आणि आपलं बोट मागच्या धातूच्या टोपीला टेकलं की मिलीअँपिअरहूनही कमी करंट आपल्या अंगातून जातो आणि दिवा लागतो. २३० व्होल्ट आणि आपण, यांच्यामध्ये आहे तो एवढा रेझिस्टर. त्याच वस्तूने गंजके स्क्रू पिळायचे, डब्यांची झाकणं उचकटायची आणि मग तिच्यावर विसंबून बोर्डात बोटं घालायची?

दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं धरून चालू नका. आधी चालू सॉकेटमध्ये लावून टेस्टर जिवंत आहे ना ते बघायचं, मग संशयाच्या जागी, मग पुन्हा चालू सॉकेटमध्ये. दिवसाउजेडी तो दिवा नीट दिसत नाही, हाताचा आडोसा करावा लागतो. आणखी एक गंमत माहीत असू द्या. सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत दिवा लागतो आणि तरी काहीच चालत नाही, असं दिसलं तर बहुधा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, कुठेतरी तुटलेला असतो. चालू राहिलेल्या एखाद्या बल्बमधून किंवा पंख्यातून फेज फिरून त्या छिद्रात आलेला असतो. इथे आपलं काम संपलं. एमसीबी खाली करायचा आणि फोन लावायचा. पण "लाइट गेलीये" असं न म्हणता "न्यूट्रल तुटल्यासारखा वाटतोय" म्हटलं की इलेक्ट्रिशियन जरा लवकर येतो, हा माझा अनुभव आहे.

पाना एकच घ्या, सरकत्या जबड्याचा, १० इंची. आम्ही नाशिककर टपारियाचं कौतुक जरा जास्तच करतो, कारखाना सातपूरचाच ना. पण कुठलाही घेतलात तरी दुकानातच जबडा हलवून बघा. खुळखुळत असेल तर परत ठेवा. नटावर घट्ट आवळायचा आणि सरकता जबडा ज्या अंगाला आहे त्या अंगाला फिरवायचा, म्हणजे जोर पक्क्या जबड्यावर येतो. उलटा धरून रेटला की वर्षभरात खिळखिळा होतो. नट पक्कडीने कधीच फिरवू नये. नटाचे कोपरे जातात आणि नळाच्या क्रोमवर ओरखडे उठतात. पक्कड ही तार पिळायला, तोडायला आणि धरायला. ८ इंची पुरते. घेताना मिटून उजेडाकडे धरा. कापायच्या धारांमधून उजेड दिसला तर दुसरी मागा, नाहीतर कागदाचा कपटा कापून बघा. काउंटरवर हे केलं की "साहेबांना पाठवा" बंद होतं.

पाना हातात आला की नळाची भीती जाते. खोलण्याआधी अँगल कॉक किंवा गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, एवढं विसरू नका. जुन्या पद्धतीच्या, तीन-चार वेढे फिरणाऱ्या नळात रबरी वॉशर असतो, तो झिजतो आणि नळ गळतो. अर्ध्या इंची नळाचे वॉशर दोन-चार आणून ठेवावेत. पाव वळणात उघडणाऱ्या नव्या नळात वॉशर शोधत बसू नका, आत सिरॅमिकच्या चकत्या असतात आणि तो आतला भागच आख्खा बदलावा लागतो. काढून दुकानात नमुना म्हणून न्यायचा. जोडावर टेफ्लॉन टेप लावताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली की नळ पिळताना ती सुटून गोळा होते आणि मग लोक टेपला शिव्या देतात. पांढरी पातळ टेप असेल तर आठ-दहा वेढे लागतात. कंजुषी इथे नको.

बाकीचं भराभर. हातोडी मध्यम वजनाची, दांडा पक्का बसलेला. ३ किंवा ५ मीटरची मेजरटेप. तिच्या टोकाचा पत्र्याचा आकडा (हूक) किंचित मागेपुढे हलतो, तो ढिला झालेला नसतो, मुद्दाम तसा ठेवलेला असतो. बाहेरून अडकवून मापलं किंवा आत भिंतीला टेकवून मापलं, तरी आकड्याची जाडी मापात येऊ नये म्हणून. कटर, इन्सुलेशन टेप, एम-सील, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि एक मेणबत्ती. मेणबत्ती पावसाळ्यातल्या दारांसाठी. फुगलेलं दार लगेच सुताराकडून तासून घेऊ नका, दिवाळीपर्यंत ते आकसतं आणि तासलेल्या जागी फट पडते. घासणाऱ्या कडेला मेण चोळा आणि चार महिने कळ काढा. षटकोनी खाचेच्या स्क्रूंना लागणाऱ्या चारसहा ॲलन की मात्र वेगळ्या आणायला लागत नाहीत. हल्लीच्या जोडायच्या फर्निचरसोबत येतात, त्या फेकू नका म्हणजे झालं.

गॅस हा या पेटीचा विषय नाही, हेही सांगून ठेवते. रेग्युलेटरला पक्कड लावणारी माणसं मी पाहिली आहेत. नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं, एवढाच आपला अधिकार. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, कुठल्याही स्विचला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन.

भाच्याचा पुढचा प्रश्न ड्रिल मशीनचा होताच. त्यालाही माझं उत्तर नको असंच आहे. पडद्याचा रॉड आणि दोन फ्रेमा लावून झाल्या की ते मशीन वर्षभर झोपा काढतं. त्यातून त्याच्या टॉवरच्या भिंती मायवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट. तिथे खिळा वाकतो आणि साधं ड्रिल नुसतं कण्हतं, ठोकत ठोकत भोक पाडणारा रोटरी हॅमर लागतो. एका घराने तो घेऊन ठेवायचा म्हणजे चैन झाली, सोसायटीने एक घ्यावा. भिंत कुठलीही असो, स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, वायरींचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. आमच्या सोसायटीचं मशीन वॉचमनच्या केबिनमध्ये असतं. वहीत फ्लॅट नंबर लिहून न्यायचं, दुपारी दोन ते चार वाजवायचं नाही. भोक पाडायचं बिट मात्र ज्याचं त्याने आणायचं, ६ आणि ८ एमएमचं. तो ठराव मीच मांडला होता, कारण उसनं नेलेलं बिट धार शाबूत ठेवून परत आलेलं आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी पाहिलेलं नाही.