विमान घ्या, पण कागद मागू नका

उडायला शिकायचं मनावर घेतलंय ना? मग आधी विमान विकत घेऊन टाका. आजच. लायसन्स हातात येईपर्यंत थांबा, भाड्याच्या विमानात उडून बघा, आपल्याला सुट्टीच्या दिवशी तासभर घिरट्या घालायच्यात की चौघांना घेऊन लांब जायचंय हे कळू द्या, असं सांगणारे भेटतीलच. त्यांचं ऐकू नका. असल्या लोकांनी आयुष्यात केलंय काय? फार तर दर वेळी सुखरूप खाली उतरलेत.

शिकण्याचा हिशोब ४० तासांचाच धरा. खाजगी वैमानिकासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची किमान अट तेवढीच आहे, त्यातले १० तास एकट्याने. एवढ्यात परीक्षा देऊन मोकळे होणारे विरळा, पण तुमची गोष्टच वेगळी. इन्स्ट्रक्टरचीही काळजी नको. तुमचं लँडिंग जरा बसायला लागलं की त्याला एअरलाइनचा कॉल येतो. नवा येतो, एक फेरी मारतो आणि विचारतो, “हे असं कुणी शिकवलं तुम्हाला?” की पुन्हा सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून उतरणं, पुन्हा सर्किट. तेवढ्यात विमान मेन्टेनन्सला जातं. ते परत येतं तेव्हा वारा आडवा असतो. असो, तो विषय नको.

कार्ब्युरेटर हीटची कळ, म्हणजे एंजिनात हवा-पेट्रोल जाण्याच्या वाटेत बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडणारी, ती थंडीसाठीच असते असं समजा. २० अंशांच्या दमट हवेतही तिथे बर्फ धरतो हे खरं, पण तुमच्याच एंजिनात कशाला धरेल? तिला हात लावू नका.

टाकीच्या तळातून पेट्रोलचा नमुना काढायचीही गरज नाही. पाणी खाली बसतं हे खरं, पण ते तुमच्याच टाकीत कशाला बसेल?

मित्राबरोबर भागीदारीत घेणार असाल तर सगळं तोंडी ठरवा. लिहून घेतलं तर मैत्रीला काय अर्थ राहिला?

आता खरेदी. सेस्ना १७२ घ्या, सगळे तेच घेतात. १९५६ पासून ४४ हजारांहून जास्त बनली, एक तुमच्या वाट्याला येईलच. वय मात्र विचारू नका. कंपनीने १९८६ साली छोट्या पिस्टन विमानांचं उत्पादन बंद केलं, ते थेट १९९६ मध्ये पुन्हा सुरू केलं. म्हणजे परवडणारी बहुतेक विमानं चाळिशी ओलांडलेली. सीटं चार आहेत, म्हणजे माणसं चार, टाक्या काठोकाठ आणि मागे बॅगा. वजनाचा तक्ता काढून बेरीज करत बसायचं काम नाही. सत्तरच्या दशकातल्या मॉडेलची कमाल मर्यादा १०४३ किलो, तीही विमानाचं स्वतःचं वजन धरून. टाक्या भरल्यावर चार धडधाकट माणसं त्यात बसत नाहीत हे गणिताने कळतं, पण उत्साहापुढे गणित काय करणार?

रंग बघा. रंग ताजा असेल तर डोळे मिटून घ्या. ताज्या रंगाखाली गंज असतो, पत्र्याला पुट्टी भरलेली असते, हे सगळं मत्सरी लोकांचं बोलणं.

सीटचे रूळ तर मुळीच बघू नका. सेस्नाची सीट रुळावर पुढे-मागे सरकते आणि रुळाच्या भोकात खिळा बसून अडकते. वर्षानुवर्षांच्या वापराने ते भोक झिजून लांबट होतं आणि खिळा धरत नाही. मग टेकऑफला नाक वर झालं की सीट सर्रकन मागे जाते, आणि वैमानिक आधारासाठी धरतो काय, तर समोरचं कंट्रोल व्हील. ते ओढलं की नाक आणखी वर. १९८७ साली अमेरिकेच्या विमान खात्याला त्यासाठी सक्तीच्या तपासणीचा हुकूम काढावा लागला. पण तुम्ही आपलं सीटच्या नव्या कव्हरवर हात फिरवा आणि म्हणा, वा!

एंजिनाबद्दल एकच प्रश्न विचारायचा: ओव्हरहॉलनंतर, म्हणजे एंजिन पूर्ण खोलून दुरुस्त केल्यानंतर, तास किती? आकडा लहान असला की पुढचं काही विचारायचं नाही. “फक्त ४०० तास” वाचून मीही गेलो होतो हो परवा, चांगला लांबचा प्रवास करून. सोबत मेकॅनिक होता, हे विक्रेत्याला पहिल्यापासूनच आवडलं नाही. ओव्हरहॉल कधी झाला? १९९८ साली. मग लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, वर्षाला जेमतेम काही तासांच्या नोंदी. पुढे सलग आठ वर्षं काहीच नाही, कोरी पानं. मी विचारलं तर गृहस्थ अभिमानाने म्हणाले, “म्हणूनच तर एंजिन नव्यासारखं आहे. आणि दर पंधरवड्याला सुरू करून दहा मिनिटं फिरवतो मी.”

दहा मिनिटं फिरवतो! जमिनीवर!

पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ती वाफ पिस्टनच्या कडेने तेलात उतरते. विमान तासभर उडालं, तेल चांगलं तापलं, की ती निघून जाते. हँगरसमोर दहा मिनिटं घरघर केली तर एंजिन कोमट होतं, पाणी आत येतं आणि आतच मुक्काम करतं. हे एंजिन बनवणारी लायकमिंग कंपनी घसा फोडून सांगतेय की ३० दिवसांत एकदा तरी सलग तासभर उडवा, तेल किमान ७४ अंशांवर जाऊ द्या, जमिनीवर चालवून ते भागत नाही. ओव्हरहॉलची मुदतही तिने २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, अशी दिलीय. जाहिरातीत तास छापतात, वर्षं कुणी छापत नाही. त्यातून या एंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला. विमान उभं राहिलं की तेल निथळून तळाला जातं आणि कॅम उघडा पडतो. त्यावर गंजाचे ठिपके येतात. मग कुणी हौशी मालक ते फुल थ्रॉटलला नेतो, कॅमवर टेकलेले टॅपेट त्या ठिपक्यांवर घासतात, कॅमची टोकं झिजतात, व्हॉल्व्ह पुरते उघडत नाहीत, आणि तेलाचा फिल्टर कापून बघितला की आत लोखंडाचा कीस. न वापरलेलं एंजिन म्हणजे माळ्यावर ठेवलेलं लोणचं नव्हे, की मुरत जाईल.

मेकॅनिकने तेलाचं झाकण उघडून मला दाखवलं. आतल्या बाजूला तांबूस थर आणि दुधट, चिकट साय. तो म्हणाला, एक सिलिंडर काढून कॅम बघतो, खर्च आमचा, गॅस्केटही आमचं. झालं, गृहस्थांचा चेहरा पडला. “आत्ताच वार्षिक तपासणी झालीय.” कुणी केली? वहीत वर्षानुवर्षं एकच सही, त्यांच्याच मित्राची. “सिलिंडर कशाला काढायचा, चालत्या एंजिनाला हात लावू नये.” त्याआधीची लॉगबुकं? “घर बदलताना हरवली.” वहीत एका जागी नुसतं ‘प्रोपेलर बदलला’ एवढंच. का बदलला? जमिनीला लागला होता का? लागला असेल तर एंजिन उघडून तपासल्याची नोंद कुठे? त्यावर गृहस्थांनी घड्याळ बघितलं आणि ठेवणीतलं वाक्य काढलं, “उद्या दुसरी पार्टी येतेय. बयाणा ठेवून जा, नाहीतर माझी जबाबदारी नाही.”

तर वाचकहो, सल्ला असा, की बयाणा ठेवा. माणूस गोड बोलतो, चहा देतो, विमान धुऊन-पुसून उभं केलेलं असतं. अशा ठिकाणी शंका काढणं शोभत नाही. स्वतःचा मेकॅनिक नेणं म्हणजे तर अविश्वास दाखवणं. विकणाऱ्याच्याच मेकॅनिकला विचारा, तो खरंच सांगेल, त्याचा यात काय स्वार्थ?

छे, नाही जमत मला हे असं लिहायला. त्या विमानात कुणीतरी बसणार आहे. पन्नास-साठ तासांचा अनुभव असलेलं कुणी नवखं माणूस, शेजारी बायको नाहीतर मुलगा, आणि धावपट्टी संपल्यावर समोर झाडं. तिथे एंजिनाने ताकद सोडली तर त्याच्या हातात सेकंद किती असतात याची त्या गृहस्थांना चांगली कल्पना आहे, ते स्वतः उडतात. माहीत असून लपवणं याला धंदा म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात. आणि न बघता वर्षामागून वर्ष सही ठोकणारा तो मित्र? त्याची तर मला जास्तच चीड येते. मालक निदान मेकॅनिक नसतो.

आणि घेणारे तुम्ही! तुम्हीही कमी नाही. रंग बघून भाळता, तपासणीचे पैसे वाचवता, दुसऱ्या पार्टीच्या नावाने घाबरून बयाणा देता आणि पहिल्याच वार्षिक तपासणीला फसवलं फसवलं म्हणून रडता. लॉगबुक पहिल्या पानापासून वाचा. वाचता येत नसेल तर वाचू शकणाऱ्याला पैसे देऊन न्या. कोरी पानं दिसली, कारण न लिहिता बदललेला प्रोपेलर दिसला, एखादी वही गायब असली, तर तिथेच थांबा. विमान खात्याच्या सक्तीच्या सूचनांपैकी कुठल्या पाळल्या याची यादी मागा. ती नसेल तर निघा. विमानं आणखी येतील.

विकणाऱ्यांनो, सिलिंडर काढू द्यायचा नसेल तर जाहिरातीतच तसं छापा. शेवटचं उड्डाण कधी केलं ती तारीखही छापा. माणसं कामधंदा सोडून तुमच्या हँगरपर्यंत येतात, ती तुमचा चहा प्यायला नाही.