‘दुकानदार तेवढा बदलला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

गर्दच्या व्यसनावर रोजच्या औषधाचा उपचार न्यूयॉर्कमध्ये रुजवणाऱ्या डोल आणि निस्वँडर या डॉक्टरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की गर्द (हेरॉइन) सोडवायला रोज दुसरी गोळी, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, देणं म्हणजे व्यसन तेच, दुकानदार तेवढा बदलला. तुमच्या पंचवटीतल्या एका मुलाला घरच्यांनी दहा दिवस खोलीत कोंडलं आणि तो ‘साफ’ झाला. शिवाय नाशिकचा प्रश्न एमडीचा (मेफेड्रोन), मग न्यूयॉर्कच्या कथा कशाला?

एमडीबद्दल तुमचं खरं आहे. २०२३ साली शिंदे गावातला कारखाना पकडला गेल्यापासून शहरात दुसरी चर्चाच नाही. पण एमडी उत्तेजक आहे, त्यावर ही गोळी चालत नाही. मालेगावची ‘कुत्ता गोळी’ म्हणजे अल्प्राझोलम हे झोपेचं-चिंतेचं औषध, तिचाही इथे संबंध नाही. मी लिहिलं ते गर्द, अफू, कोडीनचं खोकल्याचं सिरप, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी यांबद्दल. हे घेणारे लोक बातमीत येत नाहीत, एवढंच. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज होती.

आता कोंडण्याचं. टर्की, म्हणजे नशा तोडल्यावर होणारा त्रास, आठवडा-दहा दिवसांत ओसरते, हे मलाही मान्य. उलट्या, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग, रात्र-रात्र झोप नाही. पण धडधाकट माणूस त्यातून सहसा निभावतो. मला भीती वाटते ती अकराव्या दिवसाची. दहा दिवसांत शरीराची सवय उतरलेली असते, तलफ मात्र जागची हललेली नसते. मग तो पूर्वीएवढीच पुडी घेतो आणि झोपेत श्वास थांबतो. स्वीडनमध्ये झालेला, २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहा. चाळीस रुग्ण. निम्म्यांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन, निम्म्यांना सहा दिवसांत औषध कमी करत बंद. समुपदेशन दोघांनाही सारखंच. वर्षाअखेर पहिल्या गटातले पंधरा जण उपचारात टिकले होते. दुसऱ्यातला एकही नाही, आणि त्यांतले चार जण दगावले होते. हे वाचल्यावर ‘साफ झाला’ या शब्दांवर खूश व्हायला माझं मन धजत नाही.

गोळी नेमकं काय करते? मेंदूतल्या ज्या जागी गर्द जाऊन बसतं, तिथेच ब्युप्रेनॉर्फिन बसतं, पण अर्ध्याच ताकदीने. डोस वाढवला तरी एका मर्यादेपुढे श्वास मंदावत नाही. जागा अडवून बसल्याने वरून गर्द घेतलं तरी फारशी किक लागत नाही. पोरं ती विरघळवून टोचून घेतील, अशी तुमची आणखी एक शंका होती. म्हणूनच गोळीत नॅलोक्सोन हे गर्दचा परिणाम उलटवणारं औषध मिसळतात. जिभेखाली ठेवली तर ते जवळपास निष्क्रिय, टोचली तर टर्की आणतं.

निस्वँडरबाई आधी केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी तुरुंग-रुग्णालयात होत्या. कोंडून साफ केलेले रुग्ण सुटले की पुन्हा तिथेच येतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तुमचा दहा दिवसांचा उपाय तिथे मोठ्या प्रमाणावर करून झाला होता, सर! पुढे डोल यांच्यासोबत त्यांनी मॉर्फिन देऊन पाहिलं, तर रुग्ण दिवसभर पुढच्या डोसची वाट बघत बसत. मेथाडोन हे जास्त वेळ टिकणारं औषध सुरू केल्यावर त्यांतलाच एक चित्रं काढू लागला, दुसऱ्याला शिकायचं सुचलं. १९६५ साली त्यांनी बावीस रुग्णांवरचा निबंध छापला. म्हणून न्यूयॉर्क.

दुकानदार बदलला म्हणता, तर बदलला खराच. सातपूरच्या कारखान्यातला माणूस गोळी घेऊन पहिल्या पाळीला जातो, पगार घरी देतो. गर्दवर असताना तो पाळीला जात होता का, हे त्याच्या बायकोला विचारा.

शेवटी तुम्ही विचारलंत की त्या मुलाचं आता काय करायचं. तो बरा दिसत असला तरी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारता येईल. पुन्हा घेतलं असेल तर कोंडू नका आणि कुणाकडून गोळी आणून घरीच देऊही नका. अंगात गर्द असताना पहिली गोळी दिली तर टर्की उसळते. ती कधी द्यायची हे तपासून डॉक्टरच ठरवतील. आणि त्याला घेऊन तुम्ही स्वतः जा. घरच्यांपेक्षा तो तुमचं ऐकेल असं प्रतिक्रियेवरून वाटलं.