शेंडा पार्कात न्यायमूर्ती किती धरलेत?

मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्यालयाबाहेर बसणारं पीठ, 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं. चाळीसहून अधिक वर्षं त्यासाठी भांडलेल्या वकिलांच्या गप्पा आता इमारतीवर आल्यात. सहा जिल्ह्यांचे पक्षकार सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात येतात, कायमच्या संकुलासाठी शहरातल्याच शेंडा पार्कातली जागा आहे. तिकडच्या वकील मित्रांना फोन केला की एक टोमणा हमखास मिळतो : "तुमच्या अमेरिकेत कोर्टं बांधायला वेगळा फंड असतोय, आम्ही मात्र मंत्रालयाच्या दारात." कोर्ट फीवर अधिभार लावून तो पैसा बाजूला ठेवावा, असंही एखादा सुचवतो.

मी कॅलिफोर्नियात राहतो. त्या वेगळ्या फंडात माझेही डॉलर गेलेत. इथं वेगमर्यादा जराशी ओलांडली तर मूळ दंड 35 डॉलर, पण भरायची रक्कम 200 च्या वर जाते. फरक अधिभारांचा, त्यातच मूळ दंडाच्या दर 10 डॉलरमागे 5 डॉलरपर्यंतचा न्यायालय बांधकामाचा वाटा. 2008 मध्ये राज्यानं कायदा करून फी आणि दंड वाढवले. त्या उत्पन्नाच्या जोरावर 5 अब्ज डॉलरपर्यंतचे रोखे काढून जुनी, धोकादायक कोर्टं नव्यानं बांधायची होती. मग मंदी आली. बांधकामासाठी राखलेला पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीकडे आणि कोर्टांच्या रोजच्या खर्चाकडे वळला, कितीतरी प्रकल्प लटकले. पुढं दंडाची वसुलीही घटली. म्हणजे लोक नीट गाडी चालवायला लागले की कोर्टाच्या बांधकामाला पैसा कमी! शिवाय दोनशे डॉलरचा फटका खरा बसतो तो हातावर पोट असलेल्याला. हे मॉडेल कोल्हापुरानं मागू नये.

आपल्याकडची रीत दिसते तितकी वाईट नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी 1993-94 पासून केंद्र पुरस्कृत योजना आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. प्रगती टिपायला 'न्याय विकास' पोर्टल आहे. पण ही योजना उच्च न्यायालयाच्या इमारतीला लागू नाही. शेंडा पार्कचा भार राज्याच्या अर्थसंकल्पावर, काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, आणि मग बहुतेक सरकारी कामांच्या नशिबी असते ती सुधारित प्रशासकीय मान्यता. खर्च का वाढला हे त्या शेवटच्या कागदात असतं, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही.

अमेरिकेकडून घ्यायचं असेल तर हे वाचन घ्यावं. 2010 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयानं, 2000 नंतर बांधून झालेली 33 संघीय न्यायालयं तपासली. त्यांत 35.6 लाख चौरस फूट जागा जादा निघाली. ती बांधायला सुमारे 83.5 कोटी डॉलर गेले होते आणि सांभाळायला दरवर्षी 5.1 कोटी जात होते. कारणं अगदी ओळखीची : मंजुरीपेक्षा मोठं बांधकाम, न्यायाधीशांच्या संख्येचा फुगवलेला अंदाज, आणि एकच कोर्टरूम दोघांनी वापरायचं नियोजन न करणं. अहवालावर न्यायव्यवस्था नाराज झाली, आकडेमोडीवर वादही झाला. पण तो वाद उघड्यावर झाला.

कोल्हापुरात मी हे काढलं की मित्र चिडतात. "चाळीस वर्षांनी ताट आलंय, आणि तू वाढलेलं मोजतोस?" त्यामागचा हिशेबही मला समजतो : मोठं संकुल उभं राहिलं की सर्किट बेंचचं कायमचं खंडपीठ करा, असं म्हणायला जोर येतो. पण भिंतींनी न्यायमूर्ती येत नाहीत. त्यांच्या नेमणुकांचा रस्ता वेगळा आणि भलताच संथ आहे. बेंच सुरू झालं ते दोघांचं एक पीठ (डिव्हिजन बेंच) आणि एकेकट्याची दोन एकल पीठं, असे मिळून चार न्यायमूर्ती घेऊन. शेंडा पार्कच्या आराखड्यात हा आकडा किती वर्षांत किती होईल असं धरलंय, कोणत्या जिल्ह्यांच्या किती प्रकरणांवरून धरलंय, हे निविदेआधी कळायला हवं. सोलापूर-सिंधुदुर्गाहून पहाटे निघून येणाऱ्या पक्षकाराला बसायला जागा आणि स्वच्छतागृह किती, हेही त्याच कागदावर हवं. घुमट कसा असावा यावर नंतर भांडू.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार असे कागद कुणी न मागताही जाहीर व्हायला हवेत. ते येत नसतील तर बार असोसिएशननं ठराव करून मागावेत. बेंचसाठी रस्त्यावर उतरलेल्या वकिलांना एक अर्ज जड जाऊ नये.